शुक्रवारचा खाऊ आणि आजीची शेव

एका वाचक ताईंचं पत्र आलंय, थोडक्यात असं. खानदेशातल्या अमळनेर-पारोळा पट्ट्यातल्या एका मोठ्या गावातल्या ताई आहेत. तीन वर्षं झाली, शाळा सुटल्यावर समाजमंदिराच्या हॉलमध्ये मुलांचा अभ्यासवर्ग घेतात, साडेपाच ते साडेसात. २२ मुलं, ८ ते १३ वयाची. येताना बहुतेकांच्या हातात पाच-दहाचं पॅकेट. ते बघवेना म्हणून दिवाळीनंतर त्यांनी दर शुक्रवारी शेवटचा अर्धा तास ‘हेल्दी खाऊ’ शिकवायला सुरू केला. मोबाईलवर बघून ओट्सचा चिवडा, मोड आलेल्या कच्च्या मुगाचं सॅलड, ब्राऊन ब्रेडचं सँडविच असं केलं. सामान स्वतःच्या पैशाने, दर वेळी सहाशे-सातशे रुपये. मुलं करायला उड्या मारतात पण खात नाहीत, सॅलड तर हॉलच्या मागे फेकलेलं सापडलं. एका मुलीने घरी जाऊन आजीला सांगितलं की तुझी शेव अनहेल्दी आहे, ताई म्हणतात. दुसऱ्या दिवशी आजी वर्गाच्या दारात. म्हणाली, “मन्हा हातनी शेव खाईसन इन्हा बाप मोठा व्हयना, आते ती वाईट व्हयी गई का व बहिन?” दोन मुलांचे वडील म्हणाले पोरं अभ्यासाला पाठवतो, भातुकली खेळायला नाही. त्यात मागच्या शुक्रवारी काकडी चिरताना एका १० वर्षांच्या मुलाचं बोट कापलं, टाके पडले नाहीत पण रक्त बरंच आलं. ताईंनी त्याच्या घरी मेसेज टाकला, उत्तर आलं नाही. त्या विचारतात, हे सगळं बंद करू का? आणि चालू ठेवायचं तर या लोकांना समजवायचं कसं?

ताई, बंद करू नका. हे आधीच सांगून टाकते कारण पत्राच्या शेवटी तुम्ही फार थकलेल्या वाटल्या. पण जसं चाललंय तसंही नका चालवू, त्यात बऱ्याच गोष्टी बदलाव्या लागतील, आणि त्यातल्या काही मी जरा स्पष्टच सांगणार आहे, राग मानू नका.

“या लोकांना समजवायचं कसं” असं तुम्ही लिहिलंय ना, त्या वाक्यापाशी मी थांबले. त्यात असं धरून चाललोय आपण की आजीला कळत नाही, बापांना कळत नाही, मुलांना तर नाहीच नाही, आणि आपल्याला कळतं. मला तसं वाटत नाही. पॅकेटचंच बघा. तुमच्या वर्गातल्या कुठल्याही पोराला विचारा पॅकेट चांगलं की वाईट, ते धडाधडा सांगेल वाईट, पोट दुखतं, दात किडतात, त्यावर शाळेत निबंधसुद्धा लिहिलेला असतो त्याने. तरी खातं. का खातं? शाळेत खिचडी मिळते दुपारी एक-दीडला. पाचवीपर्यंतच्या मुलाला १०० ग्रॅम तांदूळ आणि सहावी ते आठवीला १५० ग्रॅम असा तो हिशोब, त्यातलं किती पोटात जातं ते त्या दिवशीच्या खिचडीवर. शाळा सुटते पाचला. घरी यावं तर माय कापूस वेचायला गेलेली, नाहीतर दुकानावर, घराला कुलूप किंवा घरात म्हातारं माणूस पडलेलं, गॅसला हात लावायची परवानगी नाही, अन् खिशात सकाळी दिलेली दहाची नोट. भूक लागलेली, पैसे हातात, दुकान कोपऱ्यावर. यात न कळण्यासारखं काही नाहीच, त्या पोराने त्याच्यापुरता हिशोब बरोबरच केलाय. सरकारने २०२० मध्ये नियम केला की शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ, साखरेचं असलं काही विकायचं नाही, चांगलाच नियम आहे तो, पण मुलांचा घरापर्यंतचा रस्ता ५० मीटरपेक्षा लांब असतो.

आणि तुमचा खाऊ सात वाजता. साडेपाचला भूक होती ती पॅकेटने मारली, आता घरी जाऊन साडेआठला भाकर खायची, मधे तुम्ही सॅलड देताय. कोण खाईल? मी असते तरी फेकलं असतं. म्हणून पहिला बदल हाच करा, एक रुपया लागत नाही याला, खाऊ आधी आणि अभ्यास नंतर. साडेपाचला आल्या आल्या हात धुवायचे आणि करायला बसायचं. सहाला खाऊन मोकळे. मग बघा पाढे कसे म्हणतात ते, भरल्या पोटी पोरं वेगळीच असतात.

आता काय शिकवायचं ते. मी एकच कसोटी लावेन. हे पोरगं मंगळवारी घरी एकटं असताना, गॅस न लावता, घरात जे आहे त्यातून हे करू शकेल का? जे करता येणार नाही ते कितीही पौष्टिक असो, तुमच्या शुक्रवारसाठी नाही. या कसोटीवर ओट्स पहिल्याच फटक्यात पडतात, कारण तुमच्या २२ पैकी किती घरात ओट्सचं पाकीट आहे? आणि गरज तरी काय आहे ओट्सची, आपल्या कोठीत दादर ज्वारी आहे, बाजरी आहे, उडीद आहे, शेंगदाणे आहेत. ब्राऊन ब्रेडचं तर पाकीट उलटं करून बघा, घटक जेवढे वजनाने जास्त तेवढे आधी लिहायचे असा नियम आहे, बऱ्याच ब्राऊन ब्रेडवर पहिला शब्द मैदाच निघतो. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर खाणाऱ्या पोरांना आपण मैद्याचा ब्रेड हेल्दी म्हणून देतोय, हे मला जरा लागलंच वाचताना.

मग करायचं काय तर भत्ता. होय, आपला साधा भत्ता. मुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे, कांदा, टमाटा, कोथिंबीर, मीठ, तिखट, निंबू. फुटाण्यात शंभर ग्रॅममागे साधारण २० ग्रॅम प्रथिनं असतात, शेंगदाण्यात २५ च्या आसपास, म्हणजे गाडीवरच्या भत्त्यात नुसते मुरमुरे जास्त आणि बाकी नावाला असतं ते प्रमाण आपण बदलायचं. दोन मुठी मुरमुरे असतील तर एक मूठ फुटाणे-दाणे. पोरांना मुठीचं माप द्या, वाटी-चमचा सगळ्यांच्या घरी सारखे नसतात पण मूठ स्वतःचीच, आणि ८ वर्षाच्या मुलाची मूठ लहान असते तसं त्याचं पोटही लहान. निंबू पिळायला विसरू नका, नुसतं चवीला नाही, डाळी-फुटाण्यांतलं लोह अंगी लागायला आंबट मदत करतं, आणि वरून लगेच चहा प्यायला तर तेच लोह वाया जातं, हे पोरींना तर आवर्जून सांगा, आपल्याकडे किती पोरींचं रक्त कमी निघतं तुम्हाला मी काय सांगू. फक्त एक लक्षात ठेवा, तुमचा वार शुक्रवार आहे. काही घरांत संतोषी मातेचा शुक्रवार असतो, त्या दिवशी आंबट चालत नाही, म्हणून निंबू वेगळं ठेवा, ज्याला पाहिजे तो पिळेल. आणि शुक्रवारी फुटाणे-गूळ खायची तर आपल्याकडे पद्धतच आहे, त्यामुळे कुठल्याही घरून विरोध व्हायचा नाही.

भत्त्यावर शेव पाहिजेच. इथे आजी येतात.

ताई, आजी दारात आल्या तेव्हा तुम्हाला अपमान झाल्यासारखं वाटलं असं तुम्ही लिहिलंय. पण त्यांचा झाला त्याचं काय? विचार करा, ज्या बाईने चुलीपुढे बसून, धूर खाऊन शेव पाडली, नातीच्या हातात दिली, ती नात म्हणते हे वाईट आहे. तिला शेवेबद्दल बोलल्यासारखं वाटलं नसेल, तिच्या सगळ्या जन्माबद्दल बोलल्यासारखं वाटलं असेल. दोष नातीचाही नाही, तुम्ही एक यादी दिली चांगलं-वाईट, तिने ती घरी नेऊन लावली, हुशार पोरगी आहे. चूक त्या यादीत आहे. मी तर म्हणेन हेल्दी-अनहेल्दी हे दोन शब्द वर्गातून काढूनच टाका. त्याऐवजी किती आणि कधी एवढंच बोला. डाळीच्या पिठाची घरची शेव चिमटीने भत्त्यावर टाकली तर काय बिघडतं, तीच ताटलीभर घेऊन टीव्हीसमोर बसलं तर जेवण जात नाही, हे आजीलाही मान्य होईल, ती स्वतःच ओरडत असेल पोरांना त्यावरून. शेवभाजीचंही तेच. आपल्या मुलखात शेवभाजी वाईट म्हणून वर्ग चालवायचा म्हणजे पाहुण्याच्या घरी जाऊन त्याच्याच देवाला नावं ठेवण्यासारखं आहे.

तर तुम्ही आजीच्या घरी जा. मेसेज नको, फोन नको, स्वतः जा, वट्ट्यावर बसा, चहा घ्या. माफी मागायची तर साध्या शब्दात मागा, की माझं सांगायचं चुकलं. आणि त्यांना वर्गात बोलवा. भत्ता कालवायला. तिखट किती, मीठ किती, टमाट्याचं पाणी सुटायच्या आत मुरमुरे कसे घालायचे, हे त्या तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त जाणतात. त्यांच्या हातून वरून शेव चिमटीने टाकून घ्या. “चिमूटभरच बरं का” हे वाक्य आजीच्या तोंडून आलं की ते २२ घरांत पोचेल, तुमच्या तोंडून दहा वेळा आलं तरी नाही पोचणार.

मी यावल तालुक्यातल्या एका खेड्यातली. शाळेतून आलं की माय शेतातच असायची, टोपलीत फडक्यात गुंडाळलेली सकाळची भाकर आणि शेजारी शेंगदाण्यांचा डबा एवढं ठेवून गेलेली. भाकर कुस्करायची, तेल-तिखट-मीठ, मूठभर दाणे, कांदा बुक्कीने फोडायचा. ताक असलं तर ताक. मला कोणी ते शिकवलं नाही अन् कोणी त्याला काही नाव दिलं नाही. आता विचार करते तर वाटतं एका पोराला संध्याकाळी पाचला जे लागतं ते सगळं त्यात होतं. तुमच्या वर्गात एक शुक्रवार फक्त भाकरीच्या कुस्कऱ्याला द्या. शिळ्या भाकरीची पोरांना लाज वाटते हल्ली, ती लाज एकत्र बसून खाल्ल्यावर जाईल. घरी सकाळची भाकर असतेच, म्हणजे मंगळवारच्या कसोटीवर हा पदार्थ सगळ्यात वर.

केळ्याचं वेगळं सांगायला नको. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि त्याच जिल्ह्यातली पोरं तळलेल्या वेफरचं पॅकेट घेऊन येतात. गाडीवाला काळे ठिपके पडलेली केळी स्वस्तात देतो, घ्या ती, ठिपके म्हणजे नासकं नाही, आतल्या स्टार्चची साखर झालेली असते म्हणून तीच जास्त गोड लागतात. गोल काप, वरून दाण्याचा कूट, जमलं तर थोडे तीळ. झालं. दूध असेल त्या घरी शिकरण. कापून ठेवलेलं केळं काळं का पडतं आणि निंबाचा रस लावल्यावर का पडत नाही हे पोरांना दाखवा, दोन बशा शेजारी ठेवून, विज्ञानाचा तास वेगळा घ्यायला नको.

गूळ-दाण्याचा लाडू हा चौथा. दोन वाट्या भाजलेले दाणे, एक वाटी चिरलेला गूळ, खलबत्ता. दाणे घरून भाजून न्या. साली काढायचं काम छोट्यांना द्या, हाताने चोळायचं आणि सुपात घेऊन पाखडायचं, सूप धरता येणारं पोर आता शोधावं लागतं, पण एकदा दिलं हातात की सोडत नाहीत. खवट, काळा पडलेला, बुरशी आलेला दाणा निवडून टाकायला शिकवा, तो खाण्यासारखा नसतोच, नुसती चव बिघडत नाही त्याने, प्रकृतीही बिघडते. कुटता कुटता दाण्याला तेल सुटतं आणि पाणी-तूप काही न घालता लाडू वळला जातो, तेव्हा पोरांची तोंडं बघा.

एवढे तीन-चार पुरेत. खरंच सांगते, वर्षाला पाच पदार्थांच्या वर जाऊ नका. दर शुक्रवारी नवीन करायचं हे मोबाईलवरचं खूळ आहे, त्यांना रोज नवीन काही दाखवावं लागतं, तुम्हाला नाही. तोच भत्ता सहा वेळा केला की सातव्यांदा पोरगं न विचारता घरी करतं, आपल्याला तेच पाहिजे. आणि चवीचंही तसंच आहे, मुलांच्या तोंडाला नवीन चव रुळायला आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही द्यावी लागते, आणि आपण एकदा दिलं, फेकलं, की म्हणतो आवडत नाही. जबरदस्ती करू नका, एक चमचा ताटलीत, खाल्लं तर खाल्लं, नाही तर पुढच्या वेळी परत एक चमचा.

मुगाबद्दल मात्र थोडं कडक सांगते. मोड आलेले कच्चे मूग मुलांना देऊ नका. मोड येतात त्याच ओल्या उबेत जंतूही वाढतात, आणि आपल्याकडची ऊब तुम्हाला माहीत आहे. पोरांना भिजवायला, फडक्यात बांधायला, रोज उघडून बघायला जरूर द्या, पण खायच्या आधी तुम्ही घरून वाफवून आणा. वाफवलेल्या मुगाला कांदा, मीठ, चिमूटभर तिखट लावलं की सॅलडपेक्षा कितीतरी चांगलं लागतं, फेकण्यामागे कच्च्या मुगाचा उग्र वासही असेल. आणि मार्चनंतर आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढे जातो तेव्हा चिरलेलं फळ, टमाटा, काही असो, तासाच्या आत संपलं पाहिजे, उरलं तर डब्यात भरून घरी पाठवू नका. पाणी गाळलेलं, उकळलेलं. हात साबणाने, किमान २० सेकंद, वीस आकडे मोठ्याने म्हणत, नखांसकट. पालकांना एकदा लेखी विचारून घ्या कोणाला शेंगदाण्याचं, दुधाचं काही वावडं आहे का, आपल्याकडे हे कोणी विचारत नाही. कोणी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन येतं, त्या चार-पाच वर्षांखालच्यांना अख्खे दाणे-फुटाणे नकोत, घशात अडकतात, त्यांना कूट.

आता बोट कापलं ते. होतं असं ताई, पण ते व्हायला नको होतं हेही खरं आहे. २२ मुलं आणि एकटी बाई आणि अर्धा तास, सगळ्यांच्या हातात सुरी म्हणजे ते होणारच. सुरी दहा आणि त्यापुढच्यांनाच, एका वेळी चौघांनाच, तुमच्या नजरेसमोर, पाटाखाली ओलं फडकं म्हणजे पाट सरकत नाही. काकडी आधी तुम्ही उभी चिरून द्या, सपाट बाजू खाली ठेवली की घरंगळत नाही. धरणाऱ्या हाताची बोटं आत वळवायची, पंजासारखी, पेर पुढे आणि नख मागे. सुरीला धार हवी, बोथट सुरी जोर मागते आणि जोर लावला की घसरते. बाकीच्यांना कोथिंबीर खुडणं, निंबू पिळणं, केळं सोलणं, दाणे कुटणं, कामाला तोटा नाही. विळीवर नकोच. आणि त्या मुलाच्या घरी मेसेज टाकून उत्तराची वाट बघू नका, उद्याच जा, जखम बघा, आईशी बोला, सांगा की माझं लक्ष कमी पडलं आणि आता असं असं बदललंय. पुढच्या शुक्रवारी त्याला घरी बसवून ठेवणं सगळ्यात वाईट, त्याला मग सुरीची भीती बसते. त्याला परत सुरी द्या, तुमच्या शेजारी बसवून.

त्या दोन वडिलांचं. त्यांची काळजी खोटी नाही, ते कष्टाच्या पैशातून फी देतात आणि त्यांना पोरगं शिकायला पाहिजे. तर अभ्यास दाखवा त्यांना. एक शुक्रवार असा करा की पोरांनी खाऊन झालेली रिकामी पाकिटं घेऊन यायची आणि वही काढायची. पाकिटावर समजा २५ ग्रॅम लिहिलंय आणि किंमत दहा रुपये, तर किलोला किती? चारशे रुपये. फुटाण्यांचा किलोचा भाव दुकानात विचारून या आणि शेजारी लिहा. थंड पेयाच्या बाटलीवर १०० मिलीला ११ ग्रॅम साखर असेल तर २५० मिलीच्या बाटलीत किती, २७ ग्रॅमच्या वर, चमच्याला चार ग्रॅम धरले तर सात चमचे, ते सात चमचे बशीत मोजून ठेवा, काही बोलू नका, नुसती बशी फिरवा. त्रैराशिक, ग्रॅम-किलो, वाचन सगळं यात आलं. ही वही वडिलांना दाखवा.

पण त्यांच्या बोलण्यात दुसरीही गोष्ट आहे, तुम्ही लिहिली नाही पण मला ती ऐकू आली, की पोऱ्याने हे का करावं. यावर वाद घालू नका. त्यांना फक्त विचारा, थंडीत शेतात भरीत पार्टी होते तेव्हा कापसाच्या पऱ्हाट्या पेटवून वांगी कोण भाजतं? लाकडी बडजीत ती कोण ठेचतं? लग्नात हजार माणसाचा स्वयंपाक कोण करतं, आचारी कोण असतो? आपल्याकडे पुरुष रांधतात, सगळ्यांना माहीत आहे, फक्त घरात रोज रांधत नाहीत एवढंच. आणि अजून पाच-सहा वर्षांनी हाच पोऱ्या नाशिकला नाहीतर पुण्याला शिकायला जाईल, नाहीतर भरतीची तयारी करेल, चौघं मिळून एक रूम घेतील, तेव्हा रोज वडापाव खाऊन पोट बिघडवून घरी फोन करण्यापेक्षा त्याला स्वतःचं खायचं करता आलं तर बापालाच बरं वाटेल ना. हे ऐकलं की बहुतेक बाप गप्प होतात, मी पाहिलंय. एखादा नाहीच ऐकला तर त्याच्या मुलाला त्या अर्ध्या तासात गणितं द्या, भांडू नका, पण खायला मात्र त्यालाही द्या. दोन-तीन आठवड्यांत तोच मुलगा दाणे सोलायला सरकून येईल.

पैशाचं तुम्ही एका ओळीत उरकलंय, पण सहाशे-सातशे दर आठवड्याला म्हणजे महिन्याला अडीच-तीन हजार, हे तुम्ही किती दिवस सोसणार आहात? वर सांगितलेला भत्ता २२ मुलांना तीनशेच्या आत बसतो. पुढचा उपाय मुठीचा, ज्याच्या घरी जे असेल त्याची एक मूठ आणायची, दाणे, मुरमुरे, एखादा कांदा, परसातला कढीपत्ता. पण यात एक धोका आहे. तुमच्याकडे दोन-तीन मुलं तरी अशी असतील ज्यांच्या घरून मूठभरही यायचं नाही, किंवा येईल पण ते घरातलं शेवटचं असेल. म्हणून दाराजवळ झाकणाचं मोठं पातेलं ठेवा, प्रत्येकाने आत जाताना हात घालायचा, कोणी काय टाकलं, टाकलं की नाही, कोणी बघायचं नाही, तुम्हीही नाही. आणि त्या पातेल्याचा हिशोब, वाटणी, हे काम त्याच मुलांपैकी एकाकडे द्या, कौतुक म्हणून नाही, काम म्हणून. भुकेलं पोर वाटणी फार बरोबर करतं, मी स्वतः पाहिलंय.

तुम्ही विचारलंय म्हणून बाकीच्या वाटाही बघते. बंद केलं तर तुम्हाला आराम मिळेल, पैसे वाचतील, पण मुलं शुक्रवारी विचारतील आणि तुम्हाला रोज ते पॅकेट दिसत राहील, तुमचा स्वभाव पत्रावरून कळतो, तुम्हाला ते सहन व्हायचं नाही. तुम्ही करून आणायचं आणि मुलांनी फक्त खायचं, हाही मार्ग आहे, सुरीची भीती नाही, पण मग मंगळवारी घरी काय? ते शिकणार नाहीत. महिन्यातून एकदाच करायचं आणि दोन आयांना मदतीला घ्यायचं, हे मात्र मला पटतं. दर आठवड्याला ओढाताण होत असेल तर पंधरा दिवसांनी करा, महिन्याने करा, काही बिघडत नाही. जे इतर वाचक असे वर्ग चालवतात, शाळेत, वसतिगृहात, घरच्या ट्यूशनमध्ये, त्यांनाही हेच सांगेन की आधी दोन माणसं जोडा मग सुरी काढा. सातपुड्याकडे असाल तर तुमच्याकडे नागली म्हणजे नाचणी आहे, भगर आहे, धान्यांत सगळ्यात जास्त कॅल्शियम असतं ते नागलीत, शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, शिळ्या नागलीच्या भाकरीचा कुस्करा गूळ घालून करा, बाहेरून काही आणू नका.

आता या आठवड्याचं. उद्या त्या बोट कापलेल्या मुलाच्या घरी. बुधवारी संध्याकाळी आजीच्या वट्ट्यावर, जाताना अर्धा किलो डाळीचं पीठ घेऊन जा आणि सांगा शुक्रवारी पोरांना थोडी शेव लागणार आहे, तुमच्या हातची. हरभऱ्याचे टहाळ आलेत बाजारात, दोन पेंढ्या घ्या, पोरं येतील तशी घाटे सोलत बसतील म्हणजे गोंधळ होत नाही अन् ओला हरभराही भत्त्यात जातो. मुरमुरे पाऊण किलो, फुटाणे अर्धा, दाणे अर्धा, कांदे-टमाटे अंदाजाने. तिखट आजींना घालू द्या. आणि भत्ता उरला का, कोणी पातेल्यात काय टाकलं, आजी नातीला काय म्हणाल्या, हे मला कळवा, मी खरंच वाट बघतेय.